पंप नाही, मोटार नाही, तरी खाजनातलं पाणी बाहेर जातं कसं?

पावसाळ्यात गोव्यातलं वर्तमानपत्र उघडलं की आतल्या पानावर एक बातमी हमखास सापडते. अमुक गावात बांध फुटला, खाजनात खारं पाणी घुसलं, उभं भात गेलं, मामलेदारांनी पाहणी केली. गोव्यात वाढलेल्याला यात नवल वाटत नाही. पण पुण्या-नाशिकचा पाहुणा विचारतो, समुद्र इथून इतका लांब, मग नदीकाठच्या शेतात खारं पाणी आलं कुठून? आणि आलंच, तर उपसायला पंप का नाही लावत? प्रश्न साधे आहेत, पण गोव्यात जन्म काढलेल्या अनेकांनाही त्यांची उत्तरं धड देता येत नाहीत. रायबंदरच्या रस्त्याने रोज कामावर जाणारा माणूस आजूबाजूची सपाट, ओलसर जमीन पाहतो आणि तिला 'रिकामी जागा' म्हणतो. ही जागा रिकामी नाही. ती रोज चालू असते, चोवीस तास, तेही वीज न लावता.

आधी व्याख्या एकदाच करून टाकू. खाजन म्हणजे खाडीकाठची अशी जमीन, जी मुळात भरतीच्या पाण्याखाली जायची आणि माणसांनी बांध घालून ती शेतीखाली आणली. गोव्यात अशी जमीन साधारण १८,००० हेक्टर आहे. राज्याचं एकूण क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास विसावा हिस्सा. तिसवाडी, बारदेश, सासष्टी, फोंडा या तालुक्यांत तर खाडीकाठचं गाव आणि खाजन नाही असं क्वचितच आढळतं.

समुद्रसपाटीखाली, पण नेमकं कोणत्या वेळी?

खाजन 'समुद्रसपाटीच्या खाली' आहे असं सर्रास म्हटलं जातं. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. समुद्रसपाटी ही सरासरी असते. प्रत्यक्षात पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात गोव्याच्या किनाऱ्यावर भरती आणि ओहोटी यांतला फरक दोन मीटरच्या वर जातो. अष्टमीच्या सुमाराला, भांगाच्या दिवसांत, तो बराच कमी असतो.

खाजनातली जमीन या दोन पातळ्यांच्या मध्ये बसलेली आहे. भरतीच्या पाण्यापेक्षा खाली, ओहोटीच्या पाण्यापेक्षा वर. सगळी गंमत या एका गोष्टीत आहे. हॉलंडमधली समुद्र हटवून मिळवलेली बरीचशी जमीन किंवा केरळातल्या कुट्टनाडची शेतं इतकी खोल आहेत की तिथलं पाणी आपणहून बाहेर जाऊच शकत नाही. पूर्वी हॉलंडमध्ये त्यासाठी पवनचक्क्या होत्या, आता दोन्हीकडे पंप आहेत. खाजनाला ती गरज पडत नाही, कारण दिवसातून दोनदा काही तास बाहेरचं पाणी शेताच्याही खाली उतरतं. तेवढ्या वेळात दार उघडलं आणि भरती चढायच्या आत लावलं, की काम झालं.

राहिला प्रश्न समुद्र लांब असल्याचा. मांडवी आणि जुवारी शेवटच्या टप्प्यात इतक्या संथ आणि सपाट वाहतात की भरतीची चढ-उतार मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आतपर्यंत जाणवते. उन्हाळ्यात नदीला वरून गोडं पाणी फारसं येत नाही, तेव्हा खारटपणाही बराच आत सरकतो. त्यामुळे नकाशावर 'नदीकाठ' दिसणारं गाव प्रत्यक्षात खाडीकाठच असतं.

दार उघडतं कोण, लावतं कोण?

बांधात ठरावीक ठिकाणी एक झडप असते. गोव्यात तिला मानस म्हणतात. जांभ्या दगडाच्या भक्कम भिंती, मधून पाण्याची वाट आणि त्या वाटेवर लाकडी दारं. दारं नदीच्या बाजूने अशी बसवलेली असतात की ती फक्त बाहेरच्या दिशेला उघडतात. भरती चढायला लागली की बाहेरचं पाणी दारांना चौकटीवर दाबून धरतं आणि वाट बंद होते. ओहोटी लागली की आतलं पाणी वरचढ ठरतं आणि दारं ढकलून बाहेर पडतं. सायकलच्या ट्यूबमधली व्हॉल्व्हची सोय डोळ्यासमोर आणा, म्हणजे हे लगेच कळेल. दारांसाठी जुन्या लोकांनी निवडलेलं लाकूड मत्तीचं, म्हणजे आपल्या ऐनाचं. हाच गोव्याचा राज्यवृक्ष. खाऱ्या पाण्यात हे लाकूड सहजी कुजत नाही.

ओहोटी लागतानाच्या मानशीवर एकदा तरी उभं राहावं. आधी बराच वेळ काहीच होत नाही. दोन्हीकडचं पाणी सारखं, तपकिरी, थांबलेलं. मग दारांच्या फटीतून एक बारीक रेघ सुटते, लाकूड कुरकुरतं आणि बघता बघता पाणी आवाज करत धावायला लागतं. त्याच वेळी मानशीवरचा माणूस वाटेच्या तोंडाला पिशवीसारखं लांब जाळं बांधतो. पाण्याबरोबर मासळीही येते: शेवटे, काळुंदरां, सुंगटां आणि नशीब असेल तर एखादी चोणक. जाळं वर ओढलं की पहिल्यांदा दिसतो चिखल आणि पालापाचोळा, मग त्यात वळवळणारं रुपेरी काहीतरी. काम रात्रीच्या ओहोटीलाही चालतं, बॅटरीच्या उजेडात. भरती-ओहोटी रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे या माणसाची झोप घड्याळावर ठरत नाही, तिथीवर ठरते. भिंतीवर कालनिर्णय मात्र लागतंच.

मासळी आत येते कुठून? मानशीच्या आतल्या अंगाला एक खोलगट भाग राखलेला असतो, त्याला पोंय म्हणतात. शेतात साचलेलं पाणी आधी तिथे गोळा होतं. भरतीच्या वेळी दार थोडं उघडं ठेवून मोजकं खारं पाणी मुद्दाम आत घेतलं जातं आणि त्याबरोबर मासळीची पिल्लंही येतात. पोंयीत ती वाढतात. हे पाणी भातापर्यंत पोचू नये म्हणून शेताच्या बाजूने दुसरा, बुटका बांध असतो. बाहेर मोठा बांध, आत छोटा बांध, मध्ये मासळी, पलीकडे भात. आखणी अशी.

खारट जमिनीत भात कसं पिकतं?

गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. खाजन शेती याच्याच भरवशावर चालते. उन्हाळ्यात शेतं कोरडी पडतात, मातीवर मिठाचा पांढरा थर दिसू लागतो. पहिल्या जोरदार सरींचं पाणी शेतात कोंडून धरायचं, मीठ त्यात विरघळू द्यायचं आणि ओहोटीला मानशीवाटे ते पाणी सोडून द्यायचं. असं काही वेळा केलं की वरची माती धुतली जाते. बाहेर नदीही तोवर डोंगरातल्या पाण्याने जवळपास गोडी झालेली असते. मग पेरणी.

तरी थोडं मीठ उरतंच. ते सोसणारी भाताची वाणं इथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या राखली: कोरगूट, असगो. कोरगूट तांबूस दाण्याचं, लोंबीला लांब कुसळं असलेलं भात. उत्पन्न संकरित वाणांच्या तुलनेत कमी, पण खारं पाणी थोडंफार आलं तरी ते तग धरतं. पेजेला याच्यासारखा तांदूळ नाही असं म्हणणारे लोक गोव्यात पुष्कळ भेटतील, आणि त्यांच्यात मीही एक.

सरदीचं पीक, म्हणजे पावसाळी भात, कापून झालं की काही गावांत त्याच खाजनात मासळी घेतात, काही ठिकाणी भाजी. काही खाजनांत उन्हाळ्यात मिठागरं चालतात. पावसाळ्यात ज्या मिठाला हुसकावून लावायचं, तेच उन्हाळ्यात विकायला काढायचं!

आणि या पाण्यात मगर काय करते?

मांडवी आणि जुवारी यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा आहे. त्याच्या काठच्या चिखलात ओहोटीच्या वेळी मगरी ऊन खात पडलेल्या दिसतात. पर्यटक होडीतून त्यांना बघायला जातात आणि बहुतेकांची समजूत असते की खाऱ्या पाण्यातली मगर म्हणजे ती 'खाऱ्या पाण्याची' जात. तसं नाही. भारतात खाऱ्या पाण्याची मगर ओडिशाच्या भितरकणिकेत, सुंदरबनात आणि अंदमान-निकोबारला आढळते. गोव्यातली मगर गोड्या पाण्याची आहे, तीच जी एरवी देशभर तळी, नद्या, धरणं यांत राहते. ती इथे खाडीत येऊन नांदते आहे.

हे तिला जमतं त्यात खाजनाचाही वाटा असणार. पावसाळ्याचे महिने कालव्याचं पाणी गोडसर असतं, आत पोंयी आणि शेतातलं साचलेलं पाणी असतं, बांधाच्या चिखलात बिळं करता येतात आणि मासळीला तोटा नाही. मांडवीतल्या चोडण आणि दिवाडी या बेटांच्या परिसरात पाणमांजरंही याच कारणाने टिकून आहेत. मानशीच्या आसपास सकाळी त्यांची ओली पावलं आणि खवल्यांनी भरलेली विष्ठा सापडते.

शेतकऱ्याच्या मनात या मगरीला भीतीइतकाच मान आहे. फोंडा तालुक्यातल्या खाजनाकाठच्या काही गावांत पौष अमावास्येला चिखलाची मगर करून पुजतात. तिला मानगे थापणी म्हणतात. बांधाजवळ चिखल थापून लांबलचक मगर घडवायची, पाठीवर खवल्यांच्या जागी शिंपल्या रोवायच्या, तोंडात काड्यांचे दात बसवायचे, फुलं वाहायची आणि बांध राख म्हणून गाऱ्हाणं घालायचं. मंत्र, मंडप, वर्गणी यांतलं फारसं काही नाही. मूर्तीही विसर्जित करावी लागत नाही, ती आपसूक चिखलात मिसळते.

बांधाला खरा धोका असतो तो कुर्लीपासून. खेकड्याने पोखरलेल्या बोटभर भोकातून आधी पाणी झिरपतं, मग माती वाहायला लागते आणि दोन-तीन उधाणांत तिथे भगदाड पडतं. म्हणून जुन्या गावांत बांधावरून रोज फेरी मारणारा माणूस असायचा. भोक दिसलं की चिखलाचा गोळा करून तिथल्या तिथे बुजवायचं. काम क्षुल्लक, पण चुकवलं तर महाग पडणारं.

हे सगळं पोर्तुगीजांनी केलं ना?

गोव्यात जुनं काही दिसलं की त्याचं श्रेय पोर्तुगीजांना द्यायची सवय पर्यटकांना आहे आणि थोडी आपल्यालाही. खाजनं त्यांच्या कितीतरी आधीची. बांदोड्याला सापडलेला अनिर्जितवर्मन राजाचा ताम्रपट साधारण पाचव्या-सहाव्या शतकातला मानतात. त्यात दान दिलेल्या जमिनीच्या संदर्भात खाजनाचा उल्लेख येतो. म्हणजे खाडीला बांध घालून शेती करणं त्या काळी इतकं रुळलेलं होतं की राजाच्या दस्तऐवजात त्यासाठी शब्द तयार होता.

पोर्तुगीज १५१० मध्ये आले. त्यांनी इथली गावकारी पाहिली: गावाची जमीन सामाईक, तिचा कारभार मूळ गावकऱ्यांच्या मंडळाकडे, शेतं ठरावीक मुदतीने लिलावात, म्हणजे पावणीत, कसायला द्यायची आणि येणाऱ्या पैशातून बांध, रस्ते, देऊळ सांभाळायचं. ही पद्धत त्यांनी मोडली नाही. सारा वसूल करायला ती सोयीची होती. १५२६ मध्ये अफोंसो मेशिया याने गावकऱ्यांच्या चालीरीती लिहून काढून त्यांना सनदेचं रूप दिलं. पुढे गावकारी 'कोमुनिदाद' या नावाने ओळखली जाऊ लागली.

त्यांनी स्वतः बांधलेली एक गोष्ट मात्र खाजनाच्या गोष्टीत येते. पणजी आणि रायबंदर यांच्यामध्ये दलदल आणि मिठागरं होती. त्यांवरून लिन्यारिश या व्हाइसरॉयच्या कारकिर्दीत, १६३३-३४ मध्ये, तीन किलोमीटरहून लांब दगडी पूल बांधला. खालून भरतीचं पाणी ये-जा करावं म्हणून त्यात कमानी ठेवल्या. आजही त्यावरून बसगाड्या धावतात. पाण्याची वाट अडवायची नाही, एवढं भान त्या वेळच्या बांधकामात होतं.

इतकी शतकं टिकलं, मग आता बांध का फुटतात?

याचं एकच कारण सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. खनिज वाहणाऱ्या बार्जेसच्या लाटांनी मांडवी-जुवारीचे बांध वर्षानुवर्षं खाल्ले, हे खरं. मीठ स्वस्त झालं, शेतमजूर मिळेनासे झाले, मुलं बोटीवर किंवा परदेशी गेली, हेही खरं. पण सगळ्यांत मोठा बदल हिशेबाच्या वहीत झाला.

पूर्वी भात आणि मासळी यांचं उत्पन्न एकाच हाताकडे, गावकारीकडे, जायचं आणि बांधाचा खर्च त्यातूनच निघायचा. मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आला. कसणाऱ्याला हक्क मिळाला, तो मिळायलाच हवा होता. बांधांची देखभाल कूळ संघटनांकडे आली. यात मानशीवरच्या मासेमारीचं गणित बिघडलं. मासळीचा हक्क पावणीत घेणाऱ्याला भातात रस नसतो. जितकं खारं पाणी आत, तितकी मासळी जास्त. मग दारं हवी तेव्हा लागत नाहीत. मासळीसाठी बांध मुद्दाम फोडल्याच्या तक्रारीही नव्या नाहीत. एकदा शेत खारवलं की शेतकरी एक वर्ष पेरत नाही, दुसऱ्या वर्षी पेरत नाही आणि तिसऱ्या वर्षी ती जमीन 'पडीक' म्हणून कुणाच्या तरी डोळ्यांत भरते.

सिमेंटचा बांध घालून मोकळे का होत नाही?

बैठकीत हा प्रश्न कोणीतरी विचारतोच. जुना बांध चिकणमाती, पेंढा आणि लाकडी खुंट यांचा असतो, नदीच्या अंगाला जांभ्याचे चिरे. तो ज्या चिखलावर उभा आहे तो चिखल सतत थोडा थोडा दबत असतो. मातीचा बांध त्याच्याबरोबर बसतो, वाकतो आणि वरून भर घातली की पुन्हा उभा राहतो. काँक्रीटची भिंत वाकत नाही, तडकते. तडा खाली गेला तर दिसतही नाही. काही ठिकाणी काँक्रीट वापरावं लागतं, मानशीच्या भिंतींना ते चांगलंही असतं. पण सरसकट सगळीकडे ओतून 'कायमचा तोडगा' काढला असं जाहीर करणं म्हणजे पुढच्या निविदेची तयारी.

खारफुटी वाढतेय, मग बिघडलं कुठे?

हा आक्षेप जास्त गंभीर आहे. बांधाच्या बाहेर खारफुटी हवीच. ती लाटा अडवते, चिखल धरून ठेवते. चोडणचं सलीम अली पक्षी अभयारण्य तर खारफुटीचंच आहे, १.७८ चौरस किलोमीटरचं. पण बांध फुटून शेतात खारं पाणी खेळायला लागलं की खारफुटी आतही उगवते आणि काही वर्षांत तिथे जंगल उभं राहतं. खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे, तोडता येत नाही. मग शेतकऱ्याला बांध दुरुस्त करूनही आपल्याच शेतात शिरता येत नाही.

किनारी नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी खास तरतूद आहे. खाजन जमिनीत बांधकाम-विकास नको, तिथल्या खारफुटीचं रक्षण करा आणि खाजनांसाठी व्यवस्थापन आराखडा करा. बांधकामापासून खाजनाला वाचवणारा हा आधार मोलाचा आहे. पण शेतात घुसलेल्या खारफुटीचं काय करायचं, याचं उत्तर गावागावाला वेगळं द्यावं लागेल. पन्नास वर्षं ओसाड पडलेलं खाजन आता जंगलच समजावं, असं माझं मत. गेल्या पाच-सात वर्षांत बुडालेलं असेल तर ते शेत आहे आणि ते परत मिळायला हवं.

मी शेतकरी नाही, मला काय त्याचं?

पणजीचा बराच भाग पाणथळ आणि खाजन जमिनीत भर घालून उभा आहे. जोराचा पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली की तिथल्या '१८ जून' नावाच्या रस्त्यावर आणि मळा या वस्तीत पाणी तुंबतं. गटारं साफ नसतात हे खरं, पण ती साफ असती तरी त्या वेळी पाणी जाणार कुठे? बाहेर नदी चढलेली असते. पूर्वी असं पाणी काही तास धरून ठेवायला आसपास खाजनं होती, ओहोटी लागली की ती रिकामी व्हायची. तिथे आता इमारती आणि पार्किंग आहे.

यात समुद्राची भर. जगभरात समुद्राची सरासरी पातळी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आणि अलीकडे वाढीचा वेग वाढला आहे. वीस सेंटिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात. पण भरती वर चढते तशी ओहोटीही कमी उतरते, आणि मानशीचं दार उघडं राहण्याचा वेळ दोन्ही बाजूंनी आखडतो. बांध उंच करून भरती अडवता येईल, ओहोटी खाली नेता येत नाही.

गावाच्या खाजनाबद्दल विचारायचं कुणाला?

शेतकऱ्यांच्या कूळ संघटनेवर देखरेख मामलेदारांची असते, मोठ्या बांधांच्या दुरुस्तीचं काम कृषी खात्याच्या मृद्संधारण विभागाकडे. मानशीची पावणी किती रकमेला गेली, त्यातले किती पैसे बांधावर खर्च झाले आणि दारांची शेवटची दुरुस्ती केव्हा झाली, हे तीन प्रश्न माहिती अधिकाराच्या अर्जात एका पानावर मावतात. अर्ज उन्हाळ्यातच टाका, कारण बांधाचं काम पाऊस सुरू झाल्यावर होत नाही, आणि मे महिन्यात उत्तर आलं तर निदान मानशीची दारं तरी जूनच्या आत बदलून घेता येतात.